बर्फ घसरणारं छप्पर

बडोद्यात निवृत्त झालेल्या मराठी माणसापुढे मोजकेच मार्ग असतात. सकाळी कमाटीबागेत चालायचं, संध्याकाळी दांडियाबाजारात कुणाच्या तरी ओट्यावर बसायचं आणि पावसाळ्यात विश्वामित्री नदी किती फुटांवर आली याची चौकशी करायची. एवढ्यानं ज्याचं भागत नाही, तो सुतारकामाकडे वळतो. असा एकेक काका कारेलीबागेपासून मांजलपूरपर्यंत प्रत्येक सोसायटीत सापडतो. मी लिहितोय ते आमच्या सोसायटीतल्या काकांबद्दल. तुमचेच वाटले तर खुशाल तसं समजा.

हौशी सुतार ओळखायला सोपा. कानामागे पेन्सिल असते आणि ती लग्नाच्या पंगतीतही तिथेच असते. कुणाच्या घरी गेला की आधी दारावर टकटक करतो, बेल असूनही. मग मान हलवून म्हणतो, "पोकळ आहे. आत काही नाही." यजमान चहा आणेपर्यंत तो टेबलाखाली वाकलेला असतो.

आमच्या काकांचं पेटंट वाक्य म्हणजे, "आमचे आजोबा कलाभवनातले!" हे ऐकलं की बडोदेकरानं गप्प बसायचं असतं. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेलं, त्रिभुवनदास गज्जरांनी उभं केलेलं कलाभवन. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आज विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे ते त्याचंच रूप. एवढा वारसा पाठीशी असल्यावर रंधा आपोआप चालणारच. फक्त आजोबा तिथे नेमकं काय शिकले, हे काका सांगत नाहीत. काकू सांगतात, "रंगारी होते. कापड रंगवायचे."

काम ठरायच्या आधी हत्यारं येतात, हा या जमातीचा नियम. करवत आली, रंधा आला, तीन मापांच्या पटाश्या आल्या, गुण्या आला, जिगसॉ आलं. रोज सकाळी काका त्यांना तेल लावून पुसून ठेवायचे. महिनाभर लाकडाला हात नाही. मग ठरलं, की वाघ्याचं घर करायचं. वाघ्या म्हणजे सोसायटीचा कुत्रा, काकूंच्या पोळीवर वाढलेला. हौशी सुताराचं पहिलं काम नेहमी जनावराचं घर असतं आणि त्यात शहाणपण आहे. माणसासाठी स्टूल केलं तर माणूस त्यावर बसून बघतो.

नकाशा अमेरिकेतल्या एका सुताराच्या व्हिडिओवरून घेतला. तो माणूस 'टू बाय फोर' म्हणाला की काका वहीत दोन बाय चार इंच लिहीत. वास्तविक तिथलं 'टू बाय फोर' रंधून तयार होतं तेव्हा दीड बाय साडेतीनच भरतं. मकरपुरा जीआयडीसीतून आणलेल्या पॅकिंगच्या पेट्यांमधून काकांनी मात्र खरोखर दोन बाय चारच्या पट्ट्या शोधून काढल्या. साहजिकच सगळी मापं अर्ध्या इंचानं एकमेकांवर रुसली. त्यातून काकांचं तत्त्व असं, की "एक सूत इकडे-तिकडे चालतं." इंचाची आठ सुतं. चार भिंतींनी आपापलं एकेक सूत घेतलं, जोडीला करवतीच्या पात्यानं खाल्लेलं लाकूड हिशोबात धरायचं राहिलं, आणि शेवटच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट पडली. भुसा आणि फेविकॉल कालवून ती बुजवली. बाहेरून ते घर लाकडाचं दिसतं एवढंच.

खरी मौज छपराची. व्हिडिओतला सुतार जिथला होता तिथे बर्फ पडतो. म्हणून छप्पर उभट, बर्फ घसरून जावा असं. भिंतींच्या आत थर्माकोल, कुत्र्याला ऊब राहावी म्हणून. हे सगळं मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या आसपास असताना, काका घाम पुसत मन लावून करत होते. "डिझाइनमध्ये आपण ढवळाढवळ करायची नाही," ते म्हणाले.

एका बाबतीत मात्र ढवळाढवळ झाली. कुत्र्याचं घर जमिनीपासून चार इंच उचललं की पुरतं. काकांना 31 जुलै 2019 चा, बडोद्यात पाणी भरवणारा पाऊस आठवला आणि त्यांनी ते दीड फूट उचललं. मग वाघ्या चढणार कसा? म्हणून पायऱ्या. तळाला भक्कम काहीतरी हवं, म्हणून घरातल्या झोपाळ्याचा, जुन्या वाड्यातून आणलेला सागवानी पाट. काकूंनी त्यावर दोन दिवस अबोला धरला. बडोद्यात झोपाळ्याशिवाय घर नाही. पाट नसलेल्या कड्या नुसत्या लटकत राहिल्या.

उंच ओटा, पायऱ्या, वर निमुळतं शिखर. सोसायटीत कपाटांच्या कामाला आलेले मिस्त्री बराच वेळ बघत उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "काका, आ कूतरा माटे छे के भगवान माटे?"

वाघ्या त्या घरात गेला का? पहिल्या दिवशी गेला. पोळी खाल्ली, थर्माकोलची ऊब अनुभवली आणि बाहेर आला. तेव्हापासून तो घराच्या खाली, त्या दीड फुटांच्या सावलीत झोपायचा. "तळमजला आवडला त्याला," असं काका सगळ्यांना सांगत.

मग 2024 चा ऑगस्ट आला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट; ती 35 च्याही वर गेली. सोसायटीत कमरेएवढं पाणी. मगरी रस्त्यात दिसल्याच्या बातम्यांनी कुणी खाली उतरेना. वाघ्या काकांबरोबर गच्चीवर होता, घर मात्र डोळ्यांदेखत फाटकाबाहेर निघून गेलं. पाणी ओसरल्यावर ते तिसऱ्या गल्लीत, एका ओट्याला टेकून, सरळ उभं सापडलं. थर्माकोलनं तरंगत ठेवलं होतं, सागवानी पाटानं तळ जड ठेवला होता. ज्या दोन गोष्टींवरून सोसायटी हसत होती, त्यांनीच ते वाचवलं.

लोक चिखलानं भरलेले फ्रिज आणि गाद्या रस्त्यावर काढत होते. अशात काका एकेकाला हाताला धरून नेत होते, "एक सांधा सुटला नाही, बघा!" रागवायला कुणाच्यात त्राण नव्हतं. त्या दिवसांत सोसायटीत पहिल्यांदा कोण हसलं असेल तर ते त्या घरापाशीच. मिस्त्रींनी कोपरा हलवून पाहिला आणि म्हणाले, "सांधो पाको छे, काका." हल्ली काका कलाभवनाचं नाव काढत नाहीत, मिस्त्रींचं काढतात. कोपऱ्यातल्या फेविकॉलचं कुणीच काढत नाही.

झोपाळ्याला काकूंनी संखेड्याहून नवा, लाखेच्या रंगाचा पाट आणवला. काका परवा त्याच्याकडे बघत टेप उघडत होते, कारण गॅरेजमध्ये मांजरीनं पिल्लं घातली आहेत. तुमच्या घरी जुनं सागवान असेल आणि काका येणार असतील, तर ते आजच माळ्यावर टाका.