काय झालं भाऊ?

अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता आणि मालेगावहून कारंज्याकडे जाणारा रस्ता शेलूबाजारच्या चौकात एकमेकांना भेटतात. बाजाराच्या दिवशी तिथे एखादा माणूस वाकून उभ्या एसटीखाली पाहू लागला, की शेजारचाही वाकतो. तिसरा हातातली पिशवी खाली ठेवून वाकतो. बघता बघता घोळका जमतो आणि एसटीखाली काय आहे हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नसते. पहिला माणूस एव्हाना चपलेचा अंगठा नीट करून निघूनही गेलेला असतो. "काय झालं भाऊ?" असे विचारावे, तर उत्तर येते, "मले काय मालूम? तुमी पाहून राह्यले म्हून म्या पाह्यलं."

एवढे उत्तर मिळवायला स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाला न्यूयॉर्कच्या 42व्या रस्त्यावर माणसे उभी करावी लागली. सहाव्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे त्यांनी मिनिटभर टक लावून पाहायचे, एवढेच काम. 1969 साली त्याने निष्कर्ष छापले. एकटाच पाहत असला तर येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी शेकडा 4 थांबले. पंधरा जण पाहू लागले तेव्हा 40. नुसती मान वर करणारे तर 86 निघाले. मला राहून राहून उरलेल्या 14 जणांचे नवल वाटते. अशी कसली घाई असेल? आता गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो. 2022च्या डिसेंबरात तो सुरू झाला. त्यावरून ताशी 120 किलोमीटरने जाणाऱ्यांना थांबून कुणाच्या पाहण्यात पाहणे मिसळायची सोयच नाही. घोळका होऊ नये म्हणूनच जणू तो बांधलाय.

आजीचा बाजार मात्र घोळक्यावरच चाले. एकाच शेतातली वांगी शेजारी शेजारी दोघींकडे असली, तरी जिच्यापुढे बायका दाटीने बसलेल्या, तिथेच आजी कोपराने वाट काढत शिरायची. "येवढ्या जणी घेतात त्या काय येड्या हायेत?" हे तिचे शास्त्र. उन्हे कलल्यावर मात्र ती रिकाम्या दुकानावरच्या बाईकडून मान टाकलेली मेथीची जुडी घ्यायची, तीही भाव न करता. हे तिच्या शास्त्रात कुठे बसते, ते मला अजून उमगलेले नाही.

सॉलोमन ॲश याने 1951च्या सुमारास कॉलेजातल्या पोरांना रेघा दाखवल्या. कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी, हे लहान मुलानेही सांगावे. पण आधी बोलणारे सगळे, ठरवून, चुकीची रेघ सांगायचे. चारातल्या तिघांनी एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला. नंतर विचारल्यावर काहींनी सांगितले, दिसत होते हो बरोबर, पण तुमचा प्रयोग बिघडू नये म्हणून बोललो नाही! या भिडस्त पोरांवर माझा फार जीव आहे.

कारण 21 सप्टेंबर 1995 ला, देशभर गणपती दूध पिऊ लागला त्या दिवशी, आजीही चमचा घेऊन रांगेत उभी होती. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले, की पृष्ठताणाने चमच्यातले दूध ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली उतरते. आजीला त्यासाठी रंग लागला नाही. देवळातून आल्यावर शेजारणीने विचारले, "पेला का?" आजी म्हणाली, "पेला ना!" रात्री मात्र आजोबांजवळ हळूच म्हणाली, "सोंडेवरून वघळून चाललं होतं, म्या पाह्यलं. पण मांगं येवढ्या बाया चमचे घेऊन उभ्या. त्यांच्या तोंडावर कसं सांगू?"

आजोबा देवबिव मानत नसत. दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी त्यांना छेडले, तर तंबाखू मळता मळता म्हणाले, "हो तं. आमच्या घरच्यांच्या हातून पेला."