अपघाताला जिना दाखवणाऱ्या मालकास खुले पत्र

शेठ,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तुम्हाला तो घालावासा वाटत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

तुमच्या शेडमधल्या पॉवर प्रेसखाली एका पोराची तीन बोटं गेली. वय जेमतेम बाविशीचं, ठेकेदाराच्या हजेरीवरचा हेल्पर. एका हाताने डायवर पत्रा सरकवायचा आणि पायाने पेडल दाबायचं, हे त्याचं काम. मशीनचा सुरक्षा सेन्सर बंद ठेवलेला, कारण तो चालू असला की नग कमी निघतात. दवाखान्यात मात्र तुमच्या सुपरवायझरने केसपेपरवर लिहून घेतलं, 'घरी जिन्यावरून पडला.' तीन बोटं एका रेषेत कापणारा असा कोणता जिना आहे, शेठ?

मग वीस हजारांचं पाकीट आणि कोऱ्या कागदावर सही. हिशेब तुम्हाला आवडतो, तर करूच. पोराचा पगार 14,000 आहे. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, तुमचा वाटा 3.25 टक्के, म्हणजे महिन्याला 455 रुपये. तो भरला असता, तर उपचार मोफत आणि घरी बसावं लागलं त्या काळात सुमारे 90 टक्के पगार मिळाला असता. एका हाताची तीन बोटं गेली तर कायद्याचं परिशिष्ट कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं धरतं. त्या हिशेबाने महिन्याला साधारण 3,780 रुपये, तेही आयुष्यभर. तुमचं पाकीट सहा महिनेसुद्धा पुरत नाही. उरलेल्या सगळ्या वर्षांचे पैसे तुम्ही त्या पोराच्या खिशातून काढलेत. याला चोरी म्हणतात.

तुमच्या धंद्यातले काही जण आणखी पुढे जातात. वर्षभर नोंदणी करत नाहीत आणि बोट तुटल्यावर धावपळ करून ईएसआयचं कार्ड काढतात, पोरगा आजच रुजू झाला असं दाखवून. काही जण पगारातून कामगाराचा हिस्सा कापतात आणि भरतच नाहीत. हा तर फौजदारी विश्वासघात आहे.

आता हे पत्र तुमच्या कामगारांनीही वाचावं. भावांनो, पहिला कागद सगळ्यात महत्त्वाचा. दवाखान्यात डॉक्टरांना स्वतः सांगा, 'कामावर, मशीनवर लागलं,' आणि तसंच लिहून घ्या. केसपेपरचा, जखमेचा आणि जमलं तर मशीनचा फोटो काढा. कोऱ्या कागदावर सही करू नका. हजेरी कार्ड, पगाराचे बँकेतले पैसे, ठेकेदाराचे मेसेज जपून ठेवा. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. ईएसआय महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. ईएसआयच्या शाखा कार्यालयात किंवा 1800-11-2526 या क्रमांकावर तक्रार करा. मशीनच्या सुरक्षेसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ईएसआय लागू नसेल, तर नुकसानभरपाईचा दावा मुदतीत दाखल करा. माणूस ठेकेदाराचा होता, एवढं म्हणून मूळ मालक सुटत नाही.

आणि शेठ, तुमच्यासाठी तीनच कामं. खोटा केसपेपर दुरुस्त करायला उद्याच दवाखान्यात जा, अपघाताचा खरा अहवाल पाठवा आणि सेन्सर चालू करा. तुम्ही गेला नाहीत, तर त्या पोराला घेऊन आम्ही तक्रार नोंदवायला जाणार आहोत.

— एक कामगार कार्यकर्ता