लेप्टोनिका अकोल्याले भेटते काय?

कारंजा लाड म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. तिथले आमचे मामा अर्थातच दत्तभक्त. त्यांच्याकडं पदांचं एक जुनं पुस्तक आहे, खिळ्यांच्या छपाईचं. मुखपृष्ठ केव्हाच गेलं, जाताना प्रकाशकाचं नाव आणि साल दोन्ही घेऊन गेलं. २०१८ च्या दिवाळीआधी मामा कलेक्टर कचेरीच्या कामासाठी वाशिमला आले, माझ्याकडं उतरले आणि ते पुस्तक घेऊन पाटणी चौकात डीटीपीवाल्याकडं जाऊन आले. पानामागं किती पैसे हे ऐकून ते तसेच माघारी फिरले.

"बाबू, तू दिवसभर त्या कम्प्युटरपुढं बसतं. त्याले मराठी वाचता येत नाई काय?"

येतं, असं मी म्हणालो. टेसरॅक्ट नावाची एक प्रणाली आहे. ती १९८५ ते १९९४ दरम्यान एचपी कंपनीत तयार झाली, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली आणि पुढं गूगलनं सांभाळली. तिची चौथी आवृत्ती नुकतीच, २९ ऑक्टोबरला आली होती. आधीची आवृत्ती अक्षरं सुटी करून ओळखायची. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, त्यामुळं सुटी करताना तिची फार ओढाताण व्हायची. नवी आवृत्ती सबंध ओळ एकदम वाचते. पण माझ्या मशीनवर उबुंटू १६.०४, आणि त्याच्या भांडारात तिसरीच आवृत्ती. म्हणजे सोर्स कोड उतरवून घरीच कंपाइल करणं आलं.

पहिल्याच पायरीवर निरोप मिळाला: लेप्टोनिका १.७४ किंवा त्यावरची पाहिजे. लिबलेप्टोनिका-डेव्ह हे पॅकेज टाकून बघा. सल्ला ऐकला, पॅकेज टाकलं. ते निघालं १.७३.

"किती कमी पडलं?" मामांनी विचारलं.

"पॉइंट शून्य एक."

"एका पैशासाठी अडून बसला? अन् हे लेप्टोनिका अकोल्याले भेटते काय?"

१ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, पण आमच्या मामांच्या पिढीच्या हिशेबात वाशिमला न मिळणारी वस्तू अकोल्यालाच मिळते. लेप्टोनिका म्हणजे चित्रं हाताळणाऱ्या फंक्शनांचा गठ्ठा, हे सांगूनही त्यांचा अकोल्यावरचा विश्वास कमी झाला नाही. मी तिचाही सोर्स उतरवला, तीही घरीच कंपाइल केली आणि पुन्हा टेसरॅक्टकडं वळलो. स्क्रीनवर ओळी धो धो वाहू लागल्या. मामा चहाचा कप घेऊन मागं उभे. त्यांना वाटलं, पुस्तक वाचणं सुरू झालं.

अगदी शेवटाला गाडी अडली. अनडिफाइन्ड रेफरन्स, अनडिफाइन्ड रेफरन्स, पानभर तेच. आणि तळाशी ते कोरडं वाक्य: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस.

कंपायलर स्वभावानं श्रद्धाळू. हे फंक्शन कुठंतरी असेलच, असं मानून तो पुढं सरकतो. ते खरोखर शोधून जोडायचं काम लिंकरचं, त्यामुळं बोलणी खायचं कामही त्याचंच. ग्रेस हॉपर बाईंनी १९५२ मध्ये केलेल्या ए-० ला जगातला पहिला कंपायलर म्हणतात. ते बरंचसं आजच्या लिंकरचंच काम करायचं. नाव मात्र कंपायलरचं झालं. असो. इथं झालं होतं असं की, निरोपातला सल्ला मानून बसवलेली १.७३ अजून मशीनवरच होती आणि लिंकरला वाटेत तीच आधी सापडत होती. नवी फंक्शनं तो जुन्या गठ्ठ्यात शोधत होता. जुनं पॅकेज काढलं, तेवढ्यात लाईन गेली. लाईन आल्यावर सगळं जुळलं.

जुळलं, पण चालेना. लिबटेसरॅक्ट डॉट एसओ डॉट ४ नावाची फाइल सापडत नाही म्हणे! फाइल युजर-लोकल-लिबमध्ये डोळ्यांसमोर पडलेली. प्रोग्राम सुरू करणारा लोडर दारोदार हिंडत नाही. तो आपली तयार यादी बघतो, आणि ती यादी एलडीकॉन्फिग चालवल्याशिवाय ताजी होत नाही.

"म्हंजे मानूस समोर उभा हाय, पन यादीत नाव नाई," मामा म्हणाले. दिवसभर कचेरीत बसून आलेल्या माणसाला हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

यापेक्षा चीड आणली ती पुढच्या गोष्टीनं. पानांचे फोटो कापून पीएनजी केले, तर लेप्टोनिका म्हणते, पीएनजी वाचायचं फंक्शन हजर नाही. तिला बांधताना मशीनवर पीएनजीची डेव्हलपमेंट फाइल नव्हती. बाईंनी तेव्हा तक्रार केली नाही, त्या जागी नुसतं रिकामं फंक्शन ठेवलं आणि काम झाल्याचं कळवलं. लिंकर निदान जागच्या जागी बोंब मारतो, काय पाहिजे त्याचं नावही सांगतो. ही बया गप्प बसली आणि ऐन वाचायच्या वेळी हात वर केले. लेप्टोनिका पुन्हा बांधली.

उरला माझा छोटा प्रोग्राम, सगळी पानं एकामागून एक वाचवून घेणारा. मी आज्ञेत आधी मायनस एल लेप्ट, मायनस एल टेसरॅक्ट आणि शेवटी माझी फाइल लिहिली. पुन्हा पानभर अनडिफाइन्ड रेफरन्स. आता मामांना कारण हवंच होतं. म्हटलं, लिंकर डावीकडून उजवीकडं एकदाच जातो, पंगतीतल्या वाढप्यासारखा. कढीवाला आला तेव्हा पंगत बसलीच नव्हती. कोणी मागितली नाही, तो बादली घेऊन परत गेला. मग माझी फाइल येऊन बसली आणि कढी कढी ओरडू लागली.

"मंग आधी पंगत बसव, कढीवाला मांगून पाठव. एवढ्यासाठी इंजिनेर व्हा लागते काय?"

व्हावं लागत नाही. आधी माझी फाइल, मग टेसरॅक्ट, आणि टेसरॅक्टलाही लेप्टोनिका लागते म्हणून ती सगळ्यांच्या मागं. एकही शब्द न बोलता काम झालं. लिंकर खूश असला की असाच गप्प असतो.

रात्री पानं वाचून झाली. छापून दिली तशी मामा चष्मा लावून, पेन घेऊन बसले. काही ठिकाणी रफार उडाला होता, कुठं 'ध'चा 'घ' झाला होता, ते त्यांनी शांतपणे सुधारलं. मग एका पदाशी थांबले.

"हा शब्द चुकला. आपन असं नाई म्हनत."

पुस्तक काढलं. पुस्तकात हुबेहूब तोच शब्द होता, ठसठशीत छापलेला. मामांनी तो दिव्याखाली धरून पाहिला, बोट फिरवून पाहिला. जन्मभर ते पद ते दुसऱ्याच शब्दानं म्हणत आले होते.

"हं," पेनाचं टोपण लावत मामा म्हणाले, "मंग पुस्तकातच चूक हाय."