काकू, वाचनालयात चाललंय तरी काय?

“काकू, काल संध्याकाळी वाचनालयात कसला हो एवढा हशा? आमच्या पडवीपर्यंत ऐकू येत होता.”

“अगं, बालविभागाचं सुट्टीचं शिबिर आहे ना! काल आजी-आजोबांची पाळी. प्रत्येकाने आपल्या लहानपणची एक गोष्ट सांगायची. वरच्या आळीतल्या तात्यांनी भुताची काढली. गोष्ट ऐन पिंपळाखाली आली आणि लाइट गेली! मुंबईची पोरं किंचाळली, गावची हसत सुटली. तू कुठे होतीस? ये अशी गडग्याशी. आमसुलांना पुट द्यायचंय, हात चालू ठेवून बोलते.”

“मी नाही आले. रागावू नका, पण मला ते शिबिरबिबिर पटत नाही. वाचनालयात जावं, मान खाली घालून वाचावं. तिथे कागदाची फुलं काय, गाणी काय, वर भेळ! वाचनालय आहे की मंगल कार्यालय?”

“अगदी माझ्या सासऱ्यांसारखी बोललीस. त्यांच्या काळी कुणी खोकलं तरी ग्रंथपाल चष्म्यावरून बघायचे. शांतता होती खरी. पण का होती? कुणी येतच नव्हतं! चार पेन्शनर आणि एक पेपर. त्यातलंही शब्दकोडं कुणीतरी सकाळी सातलाच पेनाने भरून ठेवलेलं.”

“कोण हो ते?”

“नाव नाही सांगायची. त्यांची सून माझे ब्लाउज शिवते.”

“सांगा की! बरं, राहू दे. पण हे सगळं नवीनच फॅड ना? आमच्या माहेरच्या वाचनालयात असलं काही नव्हतं.”

“नवीन कसलं? बडोद्याला सयाजीराव महाराजांनी शंभर वर्षांपूर्वीच केलंय. 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा जाणकार बोलावला आणि गावोगाव मोफत वाचनालयं काढायला घेतली. बायकांसाठी वेगळी खोली, मुलांसाठी वेगळी. खेड्यात पुस्तकांच्या पेट्या धाडायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पडद्यावर चित्रं दाखवायचे. महाराजांना कुणी विचारलं नसेल, की हे वाचनालय आहे की तमाशा म्हणून.”

“तुम्हाला बरं माहीत एवढं!”

“कार्यकारिणीवर होते ना मी. बैठकीत चहा उशिरा यायचा, तोवर करायचं काय? कपाटातलं वाचायचं.”

“पण सरकार अनुदान देतं ना काकू? मग पोरं जमवायची, भेळ वाटायची खटपट कशाला?”

“इथेच चुकतेस. तिकडे मद्रासने 1948 साली कायदा केला, तेव्हा घरपट्टीवरच वाचनालयाचा कर बसवला. आपला कायदा 1967 चा. त्यात असा कर नाहीच. आपल्याकडे वाचनालयं गावातल्या लोकांनी काढायची, चालवायची, सरकारने त्यांना अ, ब, क, ड असा वर्ग द्यायचा आणि त्याप्रमाणे अनुदान. राज्यात अशी बारा हजारांच्या आसपास आहेत. अनुदान येतं हप्त्याहप्त्याने. तोवर ग्रंथपाल बाई लाइटबिल कशातून भरतात, विचार त्यांना एकदा. आणि तपासणीला साहेब आले की आधी काय बघतात? पुस्तकं किती, सभासद किती, देवघेव किती. पुस्तकं आहेत गं, सभासद कुठून आणायचे?”

“तरी पोरं वाचत नाहीत ती नाहीतच. आमचा धाकटा गेल्या वर्षी शिबिरात जाऊन कागदाची होडी शिकून आला. पुस्तक काही आणलं नाही.”

“हे मात्र खरं बोललीस, आणि ह्याच्यावरून मी बैठकीत भांडलेय. तुला मराठी भाषा दिनाची दिंडी आठवते? सत्तावीस फेब्रुवारी, डोक्यावर ऊन, पोरं पालखीमागे, लेझीम, फेटे. मग पाहुण्यांचं भाषण. वाचन संस्कृती कशी लयाला चाललीय, ह्यावर दीड तास! पोरं बिचारी खुर्चीतच झोपली. संपल्यावर फोटो, नारळ, शाल. आणि देवघेवीची खिडकी बंद! ग्रंथपाल बाई पाहुण्यांना चहा देत होत्या. त्या दिवशी एक पुस्तक हललं नाही कपाटातून.”

“आणि पाहुणे कोण होते, तर खजिनदारांचे व्याही.”

“ते मी म्हणाले नाही हं, तू म्हणालीस! पण ह्या वेळी बाईंनी शहाणपणा केलाय. काल तात्यांची गोष्ट अर्धी राहिली ना, तर त्यांनी शेवट सांगूच दिला नाही. भुतांच्या गोष्टींची पुस्तकं टेबलावर मांडून ठेवली आणि म्हणाल्या, ज्याला भूत हवं त्याने कार्ड काढावं. दहा वर्षांची, बारा वर्षांची पोरं, नुसती झुंबड! चाकरमान्यांच्या पोरांना सुट्टीपुरतं तात्पुरतं कार्ड, जामीन आजोबा. आजोबा आले सही करायला आणि स्वतः एक शिकारकथा घेऊन गेले.”

“ही युक्ती छान आहे.”

“रंगनाथन म्हणून होते बघ, मद्रासचे. मुळात गणित शिकवायचे, मग विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. बारा ऑगस्टला त्यांच्या जन्मदिवशी ग्रंथपाल दिन असतो, बाई त्यांच्या तसबिरीला हार घालतात. त्यांनी 1931 साली पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हा एक. आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा दुसरा. आता कपाटात बसून पुस्तकाला वाचक कसा मिळेल? त्याला ओटीवर आणून बसवायला नको? आपल्याकडे तर पावसाळ्यात बुरशी धरते पुस्तकांना. नाहीतर कसर लागते. हाताळलेलंच पुस्तक टिकतं कोकणात.”

“दिवाळी अंकांना मात्र गर्दी असते हं.”

“असायचीच! मित्र नावाच्या संपादकांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्या लोकांना ती चटक आहे. एकदा वर्गणी भरली की शिमग्यापर्यंत सगळे अंक फिरतात. कुणाकडे आधी जायचा ह्यावरून वादावादी. मागे पाककृतींचा एक अंक परत आला, तर मधली चार पानं गायब! बाईंनी काही बोलून दाखवलं नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी बरोब्बर त्याच पानांतल्या वड्या. मी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.”

“काकू! कुणाचं घर?”

“आंबा आहे दारात, एवढंच सांगते.”

“इथे सगळ्यांच्याच दारात आंबा आहे!”

“म्हणून तर सांगितलं. आणि ते अभ्यासिकेचं कळलं का? एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा आणि ती तलाठी परीक्षेवाली. समोरासमोर बसायची. परीक्षेचं काय झालं देव जाणे, साखरपुडा मात्र झाला. आता तिची आई म्हणते, वाचनालयामुळे पोरगी बिघडली, आणि मुलाची आई म्हणते, सुधारला.”

“माझी नाशिकची बहीण सांगत होती, तिकडे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणून पेट्या फिरतात. बायकांच्या गटाला पुस्तकांची एक पेटी, वाचून झाली की पुढच्या गटाकडे.”

“कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा उपक्रम तो. पार दुबईपर्यंत गेल्यात त्या पेट्या. तेच म्हणते मी, आपल्या भिशीला एक पेटी मागून घेऊ बाईंकडून. नाहीतरी भिशीत आपण काय करतो? कुणाचा साखरपुडा नि कुणाची वडी! आणि लांबचं कशाला, आपल्या रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं, राज्यातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी एक. त्या जिल्ह्यात राहून आपल्या गावच्या वाचनालयाला कुलूप लागलं, तर लोक तोंडात शेण घालतील.”

“म्हणजे मी पोरांना पाठवावं म्हणता?”

“पाठवू नकोस, घेऊन ये. आई ओट्यावर टाकून गेली की पोरगं होडी करतं. आई स्वतः पुस्तक घेऊन बसली तर तेही बसतं, निदान बसायला बघतं. आणि तुझंही बरोबर आहे गं. मी तर बैठकीत ठाम सांगितलं होतं, की कार्यक्रम संपल्यावर देवघेवीच्या खिडकीशी रांग लागली, तर तो वाचनालयाचा कार्यक्रम. नाही लागली तर सभागृह भाड्याने दिलं असं समजायचं, आणि भाडंही मिळालं नाही. लिहून घेतलंय माझं म्हणणं इतिवृत्तात.”

“उद्या काय आहे शिबिरात?”

“आया आणि मुलांनी मिळून एकेक गोष्ट वाचून दाखवायची. पाचला. आणि येताना ती कादंबरी आण.”

“कुठली कादंबरी?”

“तुझ्या यजमानांच्या नावावर गेल्या गणपतीपासून आहे ती. नोंदवहीत लाल शाईने नाव आहे, मी पाहिलं. लाजू नकोस, एकटे नाहीत ते, अख्खं पान भरलंय. शिबिर संपेपर्यंत दंड माफ आहे, सगळ्यांना सांग. पुस्तक परत करा, वर्गणी भरा आणि दुसरं घेऊन जा.”