१९६१ साली तुमचे आजोबा कुठल्या गावात होते?

२१ नोव्हेंबर १९६१ या तारखेला किंवा त्याआधी तुमच्या घराण्याची वस्ती कुठल्या गावी होती? पुरावा दाखवा. शाळेचा जुना दाखला, जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा, जमिनीचा कागद, काय असेल ते आणा.

महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमातींतल्या पोराला जातीचा दाखला हवा असेल, तर त्याच्यासमोर हा प्रश्न येतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखांनीही लोकांना कमी छळलेलं नाही. पण डोंबारी, कैकाडी, जोशी, नंदीवाला, डवरी गोसावी यांना वस्तीचा पुरावा मागणं ही निव्वळ क्रूरता आहे. आजोबा फिरते होते म्हणून जमात यादीत आली. आजोबा फिरते होते म्हणूनच कागद नाही. आणि कागद नाही म्हणून नातवाला यादीचा उपयोग नाही.

या प्रश्नाचं उत्तर मराठीत चाळीस वर्षांपूर्वीच छापून झालं आहे. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं. पुस्तक उघडताच लेखक स्वतःची ओळख सांगतो ती काय काय नाही हे सांगून. गाव नाही, जन्मतारीख नाही, घर नाही, शेत नाही. आता तहसीलमधला कुठलाही छापील अर्ज त्या परिच्छेदाशेजारी ठेवा. अर्जात जे जे रकाने आहेत, नेमकं तेच या माणसाजवळ नाही. नागरिकत्व म्हणजे काय यावर मराठीत मोठमोठे ग्रंथ आहेत, परिसंवाद झाले आहेत. या एका परिच्छेदाइतका थेट प्रश्न त्यांतल्या फारच थोड्यांनी विचारला.

आणि आपण अशा पुस्तकांचं काय केलं? ‘व्यथा’ म्हणून गौरवलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’ला १९८८ साली मिळाला. मग ती अभ्यासक्रमात लागली आणि त्यांच्या भाषाशैलीवर दहा गुणांचे प्रश्न निघाले. अनुभव कसा दाहक, बोली कशी रांगडी, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. पण ही पुस्तकं रडगाणी नाहीत, ती फिर्याद आहेत. त्यांत पोलीस ठाणं आहे, चावडी आहे, शाळा आहे, जातपंचायत आहे. फिर्यादीला दाद द्यायची सोडून आपण तिच्या शैलीला दाद दिली.

मराठीत गावावर लिहिलेल्या पुस्तकांना तोटा नाही. पाणवठा, वेशीवरचा पिंपळ, सुगी, जत्रा, आजोळचा वाडा यांच्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भरभरून लिहीत आलो. ते खोटं नाही. पण ते काळी-पांढरीत ज्यांचा हक्क होता त्यांचं गाव आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५चा. महसुली नोकरीत खेडी पायाखाली घातलेल्या माणसाचं हे पुस्तक, आणि ग्रामव्यवस्थेचा एवढा बारकाईनं केलेला अभ्यास मराठीत दुसरा दाखवणं कठीण. त्यात फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तिथं ही माणसं दिसतात ती कुणब्याच्या खळ्यावरचा भार म्हणून. मोजणाऱ्याची नजर तीक्ष्ण होती, पण ती कचेरीतून निघालेली होती. तो फिरस्ता स्वतः लिहायला बसेपर्यंत पासष्ट वर्षं गेली.

‘उपरा’मध्ये बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर आहे. गावाच्या कडेला मुक्काम पडतो, फोक आणायचे, टोपल्या-कणग्या विणायच्या, विकायच्या किंवा धान्यावर द्यायच्या. माल खपेनासा झाला की गाढवं लादायची आणि पुढचं गाव धरायचं. बापाला मात्र पोरगा शाळेत घालायचाय. इथं सगळा पेच उभा राहतो. शाळा एका जागेवर आहे आणि पोट चालतं आहे. पोरानं शाळेसाठी थांबावं तर खायचं काय, आणि पोटामागं जावं तर हजेरीपटावरचं नाव जातं. अशा मुलांना आपण आजही शाळाबाह्य म्हणतो, जणू मूलच शाळा सोडून बाहेर पडलं. शाळा त्या मुलाच्या वाटेवर कधी आली का, याचा हिशेब ‘उपरा’नं १९८० साली मागितला. तो अजून थकलेला आहे.

तेवढ्यावर ते पुस्तक थांबत नाही, म्हणून ते मोठं. जातीबाहेर लग्न केल्यावर लेखकाची स्वतःची जमातही त्याला बाहेर काढते. गावाला उपरा होताच, आता जातीलाही उपरा. आपला समाज म्हणजे मायेची ऊब, असं म्हणणाऱ्यांनी ही पानं वाचावीत. जातपंचायती माणसाचं काय करतात हे या पुस्तकांनी आतून सांगितलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६चा, आणि तो लागू झाला २०१७च्या जुलैत. म्हणजे पुस्तकानंतर सदतीस वर्षांनी.

‘उचल्या’तला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. लेखकाच्या पाथरुट जमातीच्या वस्तीत पहिल्यांदाच एक पोरगा, लक्ष्मण, शाळेत जाऊ लागतो. त्याच सुमारास वस्तीतल्या पोरांना हगवण-ओकारी लागते. वस्ती ठरवते की हे लक्ष्मणच्या शाळेमुळेच झालं. म्हणजे बाहेरचं जग शाळेच्या दारात अडवतं आणि घरचं जग शाळेतून ओढतं. सरकारी अहवालात याला ‘शिक्षणाबाबत उदासीनता’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण ज्या वस्तीला चोर ठरवून पोलीस हजेरी घेतात, वाटेल तेव्हा येऊन झडत्या घेतात, त्या वस्तीनं सरकारच्या शाळेवर तरी विश्वास का ठेवावा?

ही हजेरी आली कुठून? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानंच माणूस गुन्हेगार ठरवला. पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. आतल्या माणसांनी गिरणीत राबायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. सोलापूरकर त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला. घटना २६ जानेवारी १९५०ला लागू झाली. देशात कुठंही फिरण्याचा आणि कुठंही वस्ती करण्याचा हक्क त्याच दिवशी कलम १९नं प्रत्येक नागरिकाला दिला. तरीही तो गुन्हेगारीचा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ला. म्हणून हे लोक ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. त्या दिवशी तुमच्या गावात, शाळेत, ग्रामपंचायतीत कधी कार्यक्रम झाला होता का, आठवून पाहा.

आणि सुटका झाली असं वाटेस्तोवर १९५९ साल आलं. त्या एका वर्षात मुंबई राज्यानं दोन कायदे केले. एक सराईत गुन्हेगारांचा, दुसरा भिक्षा प्रतिबंधाचा. दुसऱ्या कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे तीत गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे मागणंही येतं. म्हणजे डोंबाऱ्याची दोरी आली, जोश्याची कुडमुडी आली, नंदीवाल्याचा बैलही आला. दादासाहेब मोरे यांचं ‘गबाळ’ १९८३चं, कुडमुडे जोशी समाजातलं. दारोदार भविष्य सांगून पोट भरणाऱ्या कुटुंबांचं जगणं त्यात आहे. पिढीजात धंदा कायद्याच्या व्याख्येत भीक झाला आणि बदल्यात दुसरा धंदा कुणी दिला नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं दरवेश्याचं अस्वल आणि गारुड्याचा साप गेला. जनावरांसाठी ते योग्यच झालं. पण अस्वलामागं चालणाऱ्या माणसानं उद्यापासून काय खायचं, याचं एक कलम त्यात घालायला कुणाचा हात धजला नाही.

गुन्हेगार जमातींच्या जुन्या कायद्याचं भूत अजून गेलेलं नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, जातीवरून कामं वाटू नका आणि विमुक्त जमातीतला म्हणून कुणालाही मनमानी करून उचलू नका. कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाल्यावर!

नावाचंही तेच. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं. तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा डॉक्टर होतो, त्याची ही कहाणी. बापानं नाव दिलं नाही, आणि फॉर्मवर बापाच्या नावाचा रकाना तर असतोच. लेखकानं मुखपृष्ठावर आईचं नाव लावलं. १ मे २०२४पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढं आधी आईचं नाव लिहायचं, असं महाराष्ट्र शासनानं ठरवलं आणि त्याचं सर्वत्र कौतुक झालं. ते कौतुक रास्तच आहे. पण त्या दिवसांत या लेखकाची आठवण निघायला हवी होती. तो २००७ सालीच अपघातात गेला.

आता राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या या गावचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथं आले होते. मूळचे मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. जमावानं त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं मरेस्तोवर मारलं. ज्या खोलीत रहिवासी दाखला मिळतो, त्या खोलीत पाच नागरिकांचा जीव गेला. २०२४च्या फेब्रुवारीत धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. पण तो जमाव काही आभाळातून पडला नव्हता. अनोळखी माणूस म्हणजे चोर, ही शिकवण आपल्या खेड्यांना, आणि खेडीच कशाला, आपल्या सोसायट्यांनाही दीडशे वर्षांपासून कायद्यानं, पोलिसांनी, वर्तमानपत्रांनी दिलेली आहे. ‘अनोळखी फेरीवाल्यांपासून सावध राहा’ असा निरोप तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला असेल. तो तुम्ही पुढं पाठवला होता का?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत मसुदा मांडताना स्पष्ट सांगितलं होतं की या घटनेनं गाव हा घटक टाकून दिला आहे आणि व्यक्ती हा घटक धरला आहे. त्यावरून त्या वेळी बराच गहजब झाला. आज त्या वाक्याचा सर्वांत मोठा फायदा ज्यांना व्हायला हवा, त्यांनाच आपण विचारतो: गाव कुठलं? आपल्या कचेऱ्यांनी घटना स्वीकारली, पण घटक जुनाच ठेवला. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) हे दिसतं आहे. तिथं निदान माणसाला गाव होतं, मात्र गावकीच्या कामाच्या बोलीवर, वेशीबाहेर. भीमराव गस्तींच्या ‘बेरड’मध्ये बेळगावकडची वस्ती आहे, ती गावातच आहे आणि तरी ठाण्याच्या नजरेतून सुटलेली नाही. म्हणजे नुसतं गाव मिळूनही भागत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर मला ठाऊक आहे. पुराव्याची अट काढली तर बोगस दाखल्यांचा सुळसुळाट होईल. बोगस दाखले आहेत, आणि त्यांनी खऱ्या लोकांच्या जागा खाल्ल्या आहेत, हे खरंच. पण खोटा दाखला काढणाऱ्याकडं कागद कमी पडत नाहीत, तो ते तयार करूनच आलेला असतो. कागद नसतो तो पालावरच्या खऱ्या माणसाकडं. कागद नसेल तर पालावर जाऊन, समाजातल्या जाणत्यांना विचारून, बोली-चालीरीती पाहून चौकशी करता येते. असा दाखला देणारे अधिकारी या राज्यात आहेत. ते आपल्या जबाबदारीवर करतात ते काम सरकारनं नियम म्हणून सगळ्यांकडून करून घ्यावं. दाखल्यासाठी आलेल्याला परत पाठवण्यात कुठल्याही साहेबाची नोकरी जात नाही, म्हणून परत पाठवणं सोपं पडतं. हे उलटं व्हायला हवं.

मी ज्या पुस्तकांची नावं घेतली ती दुर्मीळ नाहीत. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात त्यांतली दोन-तीन तरी असतील, बहुधा वरच्या फळीवर, आत्मचरित्रांत. ती खाली काढायला लावा. ग्रंथपालाला सांगा, ती राज्यघटनेच्या शेजारी ठेवा. ग्रामसेवकांच्या, तलाठ्यांच्या, फौजदारांच्या प्रशिक्षणात ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ वाचायला लावा, आणि भाषाशैलीवर एकही प्रश्न विचारू नका. विचारा की या पुस्तकातला माणूस उद्या तुमच्या टेबलासमोर उभा राहिला तर तुम्ही काय कराल.

आणि विमुक्त-भटक्यांसाठीची १९६१च्या वस्तीची अट सरकारनं रद्द करावी. येत्या ३१ ऑगस्टच्या आत.