उपनगरी माती-परीक्षा : इच्छुकांसाठी नियमावली

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत फ्लॅट घेणारे, सोसायटीचा पुनर्विकास करू पाहणारे आणि गॅलरीत टोमॅटो लावणारे, अशा तिन्ही वर्गांतील नागरिकांसाठी ही नियमावली आहे. स्वयंपाकघराची दिशा, पार्किंग आणि शेजाऱ्यांचे आडनाव यांची चौकशी आपण केलीच असेल. आता किरकोळ मुद्दा उरला : इमारत उभी कशावर आहे?

नियम १. भावावरून माती ओळखू नये. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल हा सुमारे ६१ मीटर उंचीचा काळ्या बसाल्टचा सुळका आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आजही ताठ. तिथून रिक्षाने थोडे पुढे गेले की लोखंडवाला संकुल लागते. तिथे पूर्वी दलदल होती. भराव पडला आणि ऐंशीच्या दशकात वसाहत उभी राहिली. आज खडकाला झोपड्यांचा वेढा आहे आणि चिखलावर सेलिब्रिटी राहतात. बाजारभाव ठरवताना मातीला कोणी विचारत नाही, हे ध्यानात घ्यावे.

नियम २. पत्ता नीट वाचावा. मुलुंड पूर्वेच्या मिठागर रोडला किंवा मालाडच्या चिंचोली बंदरला जाहिरातीत कितीही इंग्रजी नावे दिली, तरी खाली काय असणार हे पत्त्यानेच सांगून टाकलेले असते. खाडीकाठची काळी चिकणमाती ओझ्याखाली पाणी सोडत वर्षानुवर्षे दबत राहते. इमारत खडकापर्यंत गेलेल्या खोल खांबांवर, म्हणजे पाइल्सवर, तरते; आवार मात्र खचते. म्हणून सॅम्पल फ्लॅटमधल्या सोफ्यावर बसण्याआधी शेजारच्या दहा वर्षे जुन्या इमारतीत जावे आणि प्लिंथ व पेव्हर ब्लॉक यांच्यातली फट पाहावी. पहिली पायरी अचानक उंच वाटली, तर दोष गुडघ्यांना देऊ नये.

नियम ३. भरावाची कुळकथा विचारावी; तो कचऱ्याचाही असू शकतो. मुलुंडच्या कचराभूमीवर १९६७ पासून २०१८ पर्यंत कचरा पडत होता. मालाडला तर जुन्या कचराभूमीवर काचेची कार्यालये उभी राहिली आणि खालून येणाऱ्या वायूंमुळे तिथले संगणक बिघडू लागले. कुजणारा कचरा मिथेन सोडतो, हायड्रोजन सल्फाइड सोडतो; ताबा मिळाला म्हणून तो थांबत नाही.

नियम ४. डोंगर असेल तर थट्टा बंद. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात पावसाने दरड कोसळली आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. झिजलेल्या खडकाचा मुरूम कोरडा असताना घट्ट वाटतो. पाणी मुरले की त्याची पकड सुटते. उतारावरचे घर भर जुलैत पाहायला जावे. संरक्षक भिंतीला पाणी निघायला भोके आहेत का, पावसात ती वाहतात का, ते बघावे. भोके कोरडी आणि भिंतीला फुगवटा असेल, तर चहा न घेता निघावे.

नियम ५. भू-तांत्रिक अहवाल मागावा. त्यासाठी जमिनीला भोक पाडून त्यात नळी उभी करतात आणि तिच्यावर ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडतात. नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती घाव लागले, ते मोजतात. दोन-चार घावांत काम झाले, तर माती पोकळ किंवा लिबलिबीत आहे. पन्नास घावांनीही नळी हटेना, तर खाली भरवसा आहे. पुनर्विकासाच्या सभेत कॉर्पस फंडावर तीन तास भांडून झाल्यावर शेवटची पाच मिनिटे या अहवालाला द्यावीत. भोके किती आणि कुठे पाडली, एवढे तरी विचारावे. एकच भोक, तेही वॉचमनच्या केबिनमागे, हे उत्तर पुरेसे मानू नये.

नियम ६. बागकाम. सोसायटीच्या आवारात ‘माती’ या नावाने जे असते, ते बहुधा डेब्रिज असते. मूठभर घेऊन पाण्याच्या बाटलीत घालावे, जोरात हलवावे आणि दिवसभर बाटलीला हात लावू नये. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. आपल्या बाटलीत सर्वांत खाली बाथरूमच्या टाइलचा तुकडा मिळेल. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते, लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि एक्झोरा पिवळा पडतो. तेव्हा शेजारच्या मावशींच्या नजरेवर संशय घेऊ नये. नर्सरीतल्या लाल मातीत कोकोपीट आणि गांडूळखत मिसळावे. नुसतीच माती भरली, तर ओली झाल्यावर घनमीटरला दीड टनाच्या वर जाते. गॅलरी इतके सोसण्यासाठी बांधलेली नसते.

नियम ७. एवढे सगळे विचारल्यावर एजंट हसून म्हणेल, “साहेब, तुम्ही राहणार अठराव्या मजल्यावर. मातीशी तुमचा संबंध काय?” हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.