वाघ दिसला का?

आफ्रिकेहून आल्यापासून मी हळू बोलतो. बोलता बोलता मध्येच थांबतो, डोळे बारीक करतो आणि लांब कुठेतरी बघतो. लालबागमध्ये लांब बघण्यासारखं काही उरलेलं नाही, गिरणीच्या जागेवरचा टॉवर आडवा येतो. पण ढब महत्त्वाची. मसाई मारालाही मी आता नुसतं ‘मारा’ म्हणतो. ‘गेल्या महिन्यात आम्ही मारात होतो’ असं परवा जिन्यात म्हणालो, तर शेजारचे काका दचकले. ‘कोणी मारलं?’ म्हणाले.

एवढं करून जो तो एकच विचारतो : वाघ दिसला का? आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतो, हे मी पहिल्या आठवड्यात हसून सांगायचो, दुसऱ्या आठवड्यात नुसतं सांगायचो. आई म्हणाली, ‘एवढे लाख घालवलेस आणि वाघ नाही? भायखळ्याला पन्नास रुपयांत दाखवतात.’

जाण्याआधी टूरवाल्यांनी कपड्यांची यादी दिली होती. मातकट रंग घ्या, गडद निळा नको, त्यावर त्सेत्से माशी येते, वगैरे. मी दादरला जाऊन खिसेच खिसे असलेला खाकी शर्ट आणि हनुवटीखाली दोरी येते ती टोपी घेतली. दुकानातल्या आरशात मी निदान शिकाऱ्याचा मेहुणा तरी दिसत होतो. बायको म्हणाली, ‘बाबांचा सफारी होता ना, तसाच दिसतोय.’

आता बाबांच्या सफारीबद्दल सांगायलाच हवं. बाबा परळच्या एका गिरणीत टाइम ऑफिसात कारकून. हिंदमाताला कापड घेऊन त्यांनी तो शिवला होता : टेरीकॉट, रंग फार दूध घातलेल्या चहाचा, अर्ध्या बाह्या, वर दोन खिसे, खाली दोन, चारही झाकणवाले. एकात पेन, दुसऱ्यात रेल्वेचा पास, तिसऱ्यात सुपारीची डबी. चौथ्यात काहीही नसायचं, पण त्याचंही बटण लावलेलं असायचं. गोऱ्या साहेबांनी सिंहाच्या शिकारीला जाताना घालायचा तो वेश आमच्याकडे लग्नाला, मुंजीला, सत्यनारायणाला आणि मुलगी बघायला जायचा. त्या काळी कुठल्याही हॉलमध्ये डोकावलं असतं, तर पंगतीला दहा-बारा शिकारी जिलबी खाताना दिसले असते. सफारी घातला की बाबांची चालही बदलायची. पाठ ताठ, हात किंचित मागे. हल्ली तो वेश मंत्र्यांच्या अंगरक्षकांकडे गेला आहे आणि त्यांचा चौथा खिसा रिकामा नसतो. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. त्यानंतर तो सफारी बाबांच्या अंगावर फारसा दिसला नाही. पुढे अल्टर करून दादाने कॉलेजला नेला. दादाच्या अंगावर तो कोटासारखा दिसायचा आणि कोणी हसत नव्हतं.

तो सफारी घालून बाबा ज्या जंगलात गेले, ते एकच : भायखळ्याची राणीबाग. गंमत म्हणजे मारात सफारी घातलेला एकही माणूस मला दिसला नाही. आमच्या ड्रायव्हरच्या अंगात विलायती फुटबॉल क्लबची जर्सी होती.

तर मारा. कोणत्याही जनावराभोवती एका वेळी पाचच गाड्या, असा तिथला नियम. वायरलेसवर खरखर झाली, आमच्या ड्रायव्हरने गाडी वळवली, आणि पोचलो तेव्हा एका सिंहिणीला पडलेला वेढा पाहून मला गणपतीतलं लालबाग आठवलं. प्रत्येक गाडी सहावीच होती. सिंहीण कुशीवर पडलेली. कानाच्या कडेवर माश्या, पोटावर वाळलेला चिखल, एक पंजा झोपेत मिटत-उघडत होता. मागच्या सीटवरून ‘अगंबाई, केवढी ती!’ झालं, मग चिवड्याची पिशवी फुटल्याचा आवाज. पिंजऱ्यात नक्की कोण, ती की आपण, हा सुविचार गाडीतल्या प्रत्येकाला त्याच मिनिटाला सुचला आणि रात्री लॉजचं वायफाय मिळताच प्रत्येकाने तो स्वतःचा म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. माझा सर्वात आधी पोचला.

या सुविचाराच्या जोरावर परत आल्यावर मी राणीबागेच्या विरोधात गेलो. बहिणीचा मुलगा पेंग्विन बघायचे म्हणून हटून बसला होता. त्याला समोर बसवून सांगितलं : 2016 साली कोरियातून आठ पेंग्विन आणले, त्यातला एक काही महिन्यांतच दगावला. हे हंबोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना भायखळ्याच्या काचेत एसी लावून बसवणं हा गुन्हा आहे. प्राणी बघायचा तर त्याच्या घरी जाऊन बघावा. पोराने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मामा, मग मला पेरूला नेशील?’

मी त्याला परीक्षेचं विचारलं.

जुलै ते डिसेंबर मारात पाऊल ठेवायचे माणशी, दिवसाला 200 डॉलर पडतात. त्यात विमान नाही, लॉज नाही, चिवडाही नाही. राणीबागेत मोठ्यांना 50 रुपये, पोरांना 25. बोर्डिंग पास खिशात असला की प्राण्यांच्या स्वातंत्र्याबद्दल बोलायला जीभ फार सैल सुटते, आणि या जातीच्या माणसांचा मला मनापासून राग येतो. अडचण एवढीच की त्यांच्यातला एक रोज माझ्या आरशात दाढी करतो.

पण म्हणून बाग निर्दोष ठरत नाही. आमच्या लहानपणी तिथली हत्तीण सतत डावी-उजवीकडे डुलायची. मागच्या पायात साखळी, आणि साखळी घासून घासून तेवढ्याच जागी कातडी काळी, गुळगुळीत झालेली. बाबा म्हणायचे, बघा, नाचतेय. आम्ही टाळ्या वाजवायचो. दिवसभरात मैलोन् मैल चालणारं जनावर चालायला जागा नसली की असं जागच्या जागी डुलतं, हे पुढे कुठेतरी वाचलं. 2009 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने हत्ती प्राणिसंग्रहालयांतून हलवा म्हणून आदेश काढला. त्या टाळ्यांचं काय करायचं, ते आदेशात नव्हतं. बाबांनाही आयुष्यात दुसरा हत्ती कुठे दाखवता आला असता, हेही मला सुचत नाही.

शेवटी भाच्याला घेऊन गेलो. खाकी शर्ट आणि टोपी घालून गेलो, कारण एवढ्या किमतीची वस्तू एका प्रवासात वसूल होत नाही. पेंग्विनच्या काचघरात ही गर्दी. निम्मी पेंग्विनांसाठी, निम्मी एसीसाठी. एक आजी तर काचेकडे पाठ करून डोळे मिटून उभ्या होत्या. नंतर वाघाकडे आलो. तो एकाच रेषेत जात होता, वळत होता, पुन्हा त्याच रेषेत येत होता. भाच्याने विचारलं, ‘हा चकरा का मारतोय?’ मी डोळे बारीक करून सांगायला लागलो : कोंडलेलं जनावर, त्याचा इलाखा, मग ओघाने मारा, मग सिंहीण. बघता बघता चारपाच माणसं ऐकायला थांबली. मी आवाज आणखी खाली नेला. भाचा केव्हाच कुल्फीवाल्याच्या शोधात गेला होता. माझं संपल्यावर खांद्यावर पोर घेतलेला एक गृहस्थ अदबीने पुढे आला.

‘साहेब, तुम्ही इथेच ड्यूटीला ना? मग सांगा ना, पाणघोडा कुठे?’

मी पाठ ताठ केली आणि म्हणालो, ‘सरळ जा. आणि बाळाला जाळीपासून लांब ठेवा.’